पेपरवेटच्या पोटातलं १८४८ खरं किती?

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात 'पेपरवेट' आणि '१८४८' हे शब्द एकत्र टाकून पाहा. काचेचा मुठीएवढा गोल, आत रंगीत ठिपक्यांची दाट नक्षी, त्या नक्षीत कुठेतरी दडलेले चार बारीक आकडे आणि खाली वर्णन : 'दुर्मिळ, ॲन्टिक, फ्रेंच, बाकारा' (बाकारा हा फ्रान्सचा काच कारखाना). एकाची किंमत तीन हजार, दुसऱ्याची तीन लाख. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा आजोबांच्या कपाटात असा एखादा गोळा सापडला की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात : हा कोणी केला आणि किती जुना आहे?

हे प्रश्न वाटतात त्याहून अवघड आहेत. कागद पिवळा पडतो, पितळ काळवंडतं, लाकडाला भेगा जातात. चांगली काच दीडशे वर्षांनीही कालच भट्टीतून निघाल्यासारखी दिसू शकते. कार्बन डेटिंगचाही उपयोग नाही, कारण ते एकेकाळी जिवंत असलेल्या पदार्थांसाठी असतं आणि काच ही वाळू, क्षार आणि धातूंच्या ऑक्साइडपासून बनते. त्यात भर म्हणजे या वस्तूंच्या सुवर्णकाळात कारखाने सहसा सही करत नसत.

तरीही जाणकार माणूस बऱ्याचदा पाच मिनिटांत सांगतो, 'हा क्लिशीचा (हाही फ्रेंच कारखानाच), १८५०च्या आसपासचा.' तो काय पाहतो ते समजून घेऊ. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो : आतला आकडा तो सगळ्यात शेवटी पाहतो.

कुठल्या पेपरवेटबद्दल बोलतोय आपण?

पंख्याच्या वाऱ्याने फायली उडू नयेत म्हणून सरकारी टेबलावर ठेवलेला, आत चार बुडबुडे असलेला जाड काचेचा गोळा इथे अभिप्रेत नाही. (त्यालाही घराणं आहे, बरं का. इंग्लंडच्या यॉर्कशर भागात एकोणिसाव्या शतकात बाटल्यांच्या हिरव्या काचेतून असे बुडबुड्यांचे गोळे निघत आणि दार अडवायलाही वापरले जात.) संग्राहक ज्यांच्यामागे धावतात ते पेपरवेट वेगळे. स्वच्छ काचेचा घुमट आणि त्याच्या तळाशी काचेचीच बारीक नक्षी, जी घुमटामुळे भिंगातून पाहिल्यासारखी मोठी दिसते.

ही कला अचानक उगवली आणि थोड्याच वर्षांत ओसरली. १८४५ साली व्हिएन्नातल्या औद्योगिक प्रदर्शनात व्हेनिसच्या प्येत्रो बिगाल्या याने असे गोळे मांडले. पॅरिसहून प्रदर्शन पाहायला गेलेल्या यूजेन पेलिगो या प्राध्यापकाने परत जाऊन त्यांच्याबद्दल अहवाल दिला. फ्रेंच काच कारखान्यांचा धंदा तेव्हा मंदावला होता आणि पत्रलेखनाच्या सामानाला, म्हणजे दौती, लेखण्या, सुबक कागद यांना मात्र भरपूर मागणी होती. टेबलावर शोभेल आणि परवडेल अशी वस्तू त्यांना हवीच होती. सँ-लुई कारखान्याचे काही पेपरवेट तर १८४५ हीच तारीख पोटात घेऊन आहेत. म्हणजे पुढाकार घ्यायला फारसा वेळ लागला नाही.

१८४५ ते साधारण १८६० हा या कलेचा 'अभिजात काळ' मानला जातो. जेमतेम पंधरा वर्षं. या काळात तीन कारखान्यांनी नाव काढलं : लोरेन प्रांतातले बाकारा आणि सँ-लुई, आणि पॅरिसच्या वेशीवरचा क्लिशी. इंग्लंड, बोहेमिया आणि अमेरिकेतही काम झालं, पण बाजारात कोणी 'जुना फ्रेंच' म्हणालं की या तिघांपैकीच एक.

सगळं रहस्य कांडीत आहे

ओळख पटवायची तर नक्षी कशी होते ते कळायला हवं. कारागीर लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या रंगीत काचेचा गोळा घेतो आणि तो चांदणीच्या किंवा फुलाच्या आकाराच्या साच्यात दाबतो. त्यावर दुसऱ्या रंगाचा थर, पुन्हा साचा, पुन्हा थर. मग दोन माणसं त्या मऊ गोळ्याची दोन टोकं धरून एकमेकांपासून लांब चालत जातात. गोळा ताणून ताणून पेन्सिलीएवढा किंवा त्याहूनही बारीक होतो, कित्येक मीटर लांब. तो थंड झाला की त्याला 'कांडी' म्हणायचं आणि तिचे छोटे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याच्या कापलेल्या तोंडावर तीच चांदणी, तेच फूल.

अळूवडीचा उंडा वाफवून कापला की प्रत्येक चकतीत तेच वेटोळं निघतं, तसं हे. आणि जसं एका घरच्या वडीचं वेटोळं दुसऱ्या घरच्या वडीशी तंतोतंत जुळत नाही, कुणी पान घट्ट गुंडाळतं, कुणी पीठ जाड लावतं, तसं प्रत्येक कारखान्याच्या कांडीचं असतं. साचे त्यांचे, रंग त्यांचे, थर देण्याची सवय त्यांची. फरक एवढाच की काचेचा उंडा कितीही ताणला तरी आतली नक्षी त्याच प्रमाणात लहान होते, बिघडत नाही. म्हणून दोन मिलिमीटरच्या तुकड्यातही साच्याच्या कडा दिसतात.

असे शेकडो तुकडे एका कड्यात रचून, तापवून, त्यांवर स्वच्छ वितळलेली काच घेतात. मग ओल्या लाकडी साच्यात घोळवून घुमट करतात, हळूहळू थंड करतात आणि तळ घासून सपाट करतात. कांड्यांच्या या दाट नक्षीला मिलेफिओरी म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे दिव्याच्या ज्योतीवर काच वितळवून हाताने केलेली फुलं, फळं, फुलपाखरं आणि तिसरा म्हणजे पांढऱ्या मातीची छोटी मूर्ती काचेत बंद केलेली, बहुधा एखाद्या राजा-राणीचा चेहरा. आपल्याला मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांशी काम आहे.

मग तारीख आणि सहीचं काय?

काही कांड्यांमध्ये अक्षरं आणि आकडेही बसवले जात. बाकाराच्या काही पेपरवेटमध्ये 'बी' हे अक्षर आणि वर्ष असतं, सँ-लुईच्या काहींत 'एस एल' आणि वर्ष. बाकाराच्या तारखा प्रामुख्याने १८४६ ते १८४९ या आहेत, सँ-लुईच्या १८४५ ते १८४९. क्लिशी कधीकधी 'सी' घाले, पण तारखेच्या फंदात तो कारखाना जवळजवळ पडलाच नाही. त्यामुळे कोणी 'क्लिशी, १८४८' म्हणून आकड्यांसकट काही विकायला आणलं तर तिथेच थांबावं.

तारीख असलेल्या जुन्या मालात १८४८ सर्वाधिक सापडतं. नेमकं म्हणूनच ते नकलेसाठीही सोयीचं. इंग्लिश पेपरवेट आणि दौतींचा एक मोठा गट आहे, ज्यांच्या आत एकात एक वर्तुळं आणि '१८४८' असे आकडे असतात. लंडनच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याच्या व्हिक्टोरियन काळातल्या वस्तू म्हणून त्या कित्येक वर्षं विकल्या गेल्या. आता त्या विसाव्या शतकातल्या, बर्मिंगहॅमच्या मानल्या जातात. आकडा काचेत वितळवलेला असतो, नंतर कोरलेला नसतो, म्हणून तो पुसताही येत नाही आणि त्यावर विश्वास बसतो. पण १९३० साली कांडी ओढणाऱ्याला १८४८ लिहिण्यापासून कोण अडवणार होतं?

खऱ्या कांडीचं निरीक्षण मात्र कामाचं असतं. बाकाराच्या तारखेत प्रत्येक आकडा सहसा स्वतंत्र कांडीचा असतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल, निळा, हिरवा असे वेगवेगळ्या रंगांचे आकडे शेजारी शेजारी बसवलेले. आणखी एक खाचखळगा : कांड्या आधी ओढून साठवून ठेवत आणि लागतील तशा वापरत. त्यामुळे अस्सल तारीखसुद्धा कांडीबद्दल जेवढं ठामपणे सांगते तेवढं पेपरवेटबद्दल सांगत नाही.

तीन कारखाने, तीन हात

आता मुख्य भाग. भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं असलं तर उत्तम, आणि कांड्यांकडे एकेक करून बघा.

बाकाराच्या कांड्या नीटनेटक्या, साच्यातून स्वच्छ निघालेल्या असतात. चांदण्या, तीन टोकांचे बाण, तीन पानांचे ठसे, बारीक गोलाकार वेटोळी. आणि त्यांतच लपलेले प्राणी : कोंबडा, हत्ती, माकड, हरिण, फुलपाखरू. या प्राण्यांची गोष्ट फार गोड आहे. कारखान्याचे व्यवस्थापक जाँ-बातिस्त तूसँ यांनी १८४६ साली आपल्या नऊ वर्षांच्या भाच्याला, एमिल ग्रिदेलला, कागदातून प्राणी कापताना पाहिलं आणि त्या आकारांवरून साचे करवले. असे एकूण अठरा आकार. संग्राहक आजही त्यांना 'ग्रिदेल' म्हणतात. प्राण्याची रेषा त्या आकारांशी तंतोतंत जुळत असेल तर बाकाराची बाजू भक्कम होते. फुलांमध्ये बाकाराचं पॅन्सीचं फूल सर्वांत जास्त दिसतं, वरच्या दोन पाकळ्या जांभळ्या, खालच्या तीन पिवळसर, सोबत देठ, पानं आणि एक कळी.

क्लिशीची ओळख म्हणजे गुलाब. चपट्या काचेच्या पट्ट्या एकीवर एक चढवून केलेली छोटी उघडी कळी, बहुधा गुलाबी, भोवती हिरवा काठ. पांढरे, पिवळे, जांभळेही असतात. 'क्लिशी रोझ' हा शब्द इतका चालतो की गुलाब दिसला की विक्रेता क्लिशीचं नाव लावून मोकळा होतो. ही पळवाट आहे. गुलाबासारख्या कांड्या इतर कारखान्यांनीही केल्या, बाकारानेही आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड ग्लास कंपनीनेही. गुलाबाबरोबर आजूबाजूच्या कांड्या, खालच्या पार्श्वभूमीचा रंग आणि तळाचा आकार हे सगळं क्लिशीचं हवं. मधल्या एका कांडीपासून दोन रंगांचे पट्टे भोवऱ्यासारखे बाहेर फिरत गेलेले असतील तर तो क्लिशीचा खास प्रकार. रंगांच्या बाबतीत हा कारखाना सर्वांत धीट, हे माझं मत. गडद गुलाबी आणि हिरवा हे दोन रंग असे शेजारी बसवायला हिंमत लागते.

सँ-लुईचे रंग मात्र फिके, मऊ. त्यांची खासियत ज्योतीवर केलेली फळं : पेअर, चेरी, सफरचंद, पांढऱ्या दोऱ्यांच्या वेणीसारख्या टोपलीत ठेवलेली. शिवाय 'मुकुट' हा प्रकार, ज्यात रंगीत आणि पांढऱ्या पट्ट्या खालून वर चढत माथ्यावर एका कांडीपाशी मिळतात आणि आतून गोळा पोकळ असतो. त्यांच्याही आकृत्यांच्या कांड्या आहेत : नाचणारी जोडी, कुत्रा, उंट. पण रेषा बाकारापेक्षा वेगळी, थोडी ओबडधोबड.

हे वाचून कोणी म्हणेल, एवढी लक्षणं पाठ करायची का? गरज नाही. पक्क्या ओळखीच्या पेपरवेटचे मोठ्या आकारातले फोटो कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लास, शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट (तिथे आर्थर रुबलॉफ यांचा मोठा संग्रह आहे) आणि विस्कॉन्सिनमधल्या नीना गावचं बर्गस्ट्रॉम-माहलर संग्रहालय यांच्याकडे पाहायला मिळतात. आपल्या हातातल्या कांडीचा फोटो त्यांच्याशेजारी ठेवून ताडून पाहायचं. एक कांडी जुळली तर योगायोग असू शकतो. वेगवेगळ्या चार-पाच कांड्या एकाच कारखान्याशी जुळल्या तर मात्र तो आधार भक्कम, कारण एवढे साचे, एवढे रंग आणि रचनेची तीच सवय दुसऱ्या कुणाकडे एकत्र असणं अवघड.

उलटा करा, तळ पाहा

ऑनलाइन जाहिरातीत तळाचा फोटो नसेल तर मी पुढे वाचतच नाही. नक्षी नकलाकाराच्या डोळ्यांसमोर असते, त्यामुळे ती तो जपून करतो. तळ तो उरकून टाकतो.

काम चालू असताना गोळा लोखंडी दांडीवर धरलेला असतो. दांडी तोडल्यावर तिथे खरबरीत व्रण राहतो. अभिजात काळातल्या फ्रेंच कारखान्यांनी तो व्रण घासून साफ केला आणि तळाला उथळ खळगा दिला. काही वेळा त्या तळावर चांदणी कापली, बारीक आरे असलेली. क्लिशीच्या तळाला बऱ्याचदा एक छोटी कडा दिसते, जणू गोळा अगदी ठेंगण्या बैठकीवर बसलाय. सँ-लुईचा घुमट सहसा उंच. बाजूने धरून पाहिलं तर नक्षी तळापासून किती उंचीवर आहे, घुमट कुठून वळतो, हेही कारखान्यागणिक बदलतं. व्रण खरबरीतच सोडलेला असेल तर जुना फ्रेंच असण्याची शक्यता बरीच कमी होते.

आता झीज. दीडशे वर्षं टेबलावर सरकलेल्या वस्तूच्या तळकडेला बारीक, वेड्यावाकड्या, सगळ्या दिशांनी गेलेल्या ओरखड्यांचं धुकं असतं. आणि ते फक्त तिथेच, जिथे काच टेबलाला टेकते. खळग्याच्या आत ओरखडे असायचं कारण नाही. पॉलिश पेपरने 'जुना' केलेल्या मालावर रेघा एकाच दिशेने जातात आणि जिथे टेबल कधी पोहोचलंच नाही अशा जागीही सापडतात.

यावर आक्षेप रास्त आहे : झीज नसेल तर माल नवा का? नाही. जो पेपरवेट शंभर वर्षं काचेच्या कपाटात मखमलीवर बसून होता त्याचा तळ स्वच्छच असणार. शिवाय जुन्या पेपरवेटला टवके गेले की पॉलिश करून घेण्याची पद्धत आहे आणि संग्राहक ते वाईट मानत नाहीत. फक्त पॉलिशमध्ये घुमट थोडा खाली येतो, बाजूचा आकार बदलतो आणि आकारावरून कारखाना ओळखण्याचा आधार तेवढा कच्चा होतो. म्हणून झीज असणं हा पुरावा, नसणं हा नव्हे.

१८६० ते १९५० : मधला रिकामा काळ

ही पोकळी लक्षात ठेवली की वयाचा अंदाज सोपा होतो. १८६०नंतर फ्रान्समध्ये फॅशन ओसरली. पॅरिसजवळच्या पँताँच्या कारखान्याने १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात पेपरवेट मांडले होते, पण एकंदर धंदा आटोपलाच. क्लिशीचा कारखाना १८८५मध्ये संपला.

मग १९५१ साली बाकारा गावातलं दुसऱ्या महायुद्धात मोडलेलं चर्च हटवताना त्याच्या पायाच्या दगडात एक पेपरवेट सापडला. त्यात तारीख होती १८५३. हे पाहून कारखान्याला आपल्याच विसरलेल्या कलेची पुन्हा ओढ लागली. पॉल जोकेल्सन या संग्राहकाचा आग्रह आधीपासून होताच. १९५३मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाचे पेपरवेट निघाले आणि बाकारा व सँ-लुई दोघेही पुन्हा या कामात आले.

म्हणजे 'बाकारा' हे नाव खरं असूनही वस्तू १९७०ची असू शकते. फसवणूक नव्हे, पण किंमत मात्र पार वेगळी. आधुनिक बाकाराच्या तळावर आम्लाने उमटवलेला गोल शिक्का असतो, ज्यात सुरई आणि पेले दिसतात. तळ उजेडात तिरका धरा, म्हणजे तो नजरेला येईल. असा शिक्का १८४८ला नव्हता. शिक्का घासून काढता येतो हेही खरं, म्हणून तळावर मधोमध संशयास्पद चकाकी असेल तर प्रश्न विचारा.

स्कॉटलंडची शाखा वेगळी. स्पेनहून आलेल्या कुटुंबातल्या पॉल इसार्टने तिथे १९३०च्या दशकात मिलेफिओरीचं काम वाढवलं. त्याच्या खुणेची कांडी 'पी वाय'. ती नक्कल करून घातलेले पेपरवेटही बाजारात आले, यावरून सहीचा भरवसा किती ते कळावं. पर्थशर पेपरवेट्स ही कंपनी १९६८ ते २००२ चालली आणि 'पी' अक्षराची कांडी वापरे. या आधुनिक मालाचं ओळखणं त्यामानाने सोपं, कारण कंपन्यांनी आपल्या आवृत्त्यांच्या नोंदी ठेवल्या.

नक्कल कोण करतं?

१९३०च्या दशकात चीनमध्ये जुन्या फ्रेंच आणि अमेरिकन पेपरवेटच्या नकला तयार झाल्या. फोटोत त्या फसवतात, हातात आल्यावर नाही. काच किंचित पिवळट-करडी, वजनाला हलकी आणि स्पर्श साबण लावल्यासारखा निसरडा. काहींत पांढऱ्या काचेवर चित्र रंगवून वर पारदर्शक काच चढवलेली असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरून पर्यटकांसाठी ढीगभर मिलेफिओरी पेपरवेट निघाले. त्यांत वाईट काही नाही, छान दिसतात. कांड्या मोठ्या, रंग भडक, दाटीवाटीने भरलेल्या आणि बाजूने पाहिल्यावर खाली ओढल्या गेलेल्या. मुळात त्यांच्यावर कागदी लेबल असतं, जे लगेच सुटून पडतं. आणि मग गोळा 'अनामिक जुना' होऊन दुसऱ्या-तिसऱ्या हातात जातो. आपल्याकडे कुणाच्या नातेवाइकांनी सत्तरच्या दशकात युरोपच्या सहलीहून आणलेले पेपरवेट बहुतेक वेळा याच गटातले निघतात.

वजन काट्यावर, आणि काळोखात दिवा

एक चाचणी घरी जमते. अभिजात फ्रेंच पेपरवेट शिसंमिश्रित काचेचे असतात, आणि शिशामुळे काच जड होते. खिडकीच्या साध्या काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, शिशाच्या चांगल्या काचेची तीनपट किंवा थोडी जास्त.

गोळा हवेत वजन करा, मग दोऱ्याने टांगून पूर्ण पाण्यात बुडवून वजन करा. समजा हवेत ६२० ग्रॅम आणि पाण्यात ४२० ग्रॅम भरला. वजन कमी झालं २०० ग्रॅम. ६२० भागिले २०० म्हणजे ३.१, शिशाची काच. उत्तर २.५च्या आसपास आलं तर तो या तीन कारखान्यांचा अभिजात पेपरवेट असणं फार कठीण. आर्किमिडीजचं तत्त्व शाळेत शिकलेलं असतं, इथे त्याचा खराच उपयोग होतो. आत पोकळी असलेल्या 'मुकुट' प्रकाराला आणि मोठे बुडबुडे असलेल्यांना ही चाचणी लागू नाही.

अतिनील दिव्याखाली शिशाची काच निळसर चमकते आणि इतर काचा वेगवेगळे रंग दाखवतात. ठरावीक कारखान्यांच्या काचेला ठरावीक छटा येते असं संग्राहक मानतात. पण काचेचं मिश्रण भट्टीभट्टीला बदलत असे, म्हणून या चाचणीचा निकाल मी दुय्यम धरतो. ती काही शक्यता बाद करायला उपयोगी, नाव द्यायला नाही. लघुतरंग (कमी तरंगलांबीचा) अतिनील दिवा डोळ्यांना घातक असतो, तो वापरताना संरक्षक चष्मा हवाच.

बुडबुडे म्हणजे जुना, ना?

हा समज फार पसरलाय आणि उलटाच आहे. बाकारा आणि सँ-लुई त्या काळातही स्वच्छ काच बनवण्यात तरबेज होते. एखाददुसरा बारीक कण किंवा बुडबुडा असणं साहजिक, पण आत बुडबुड्यांची गर्दी असेल तर ते घाईच्या, स्वस्त कामाचं लक्षण. मुद्दाम घातलेले, ओळीत बसवलेले बुडबुडे हा नक्षीचा भाग, त्यांची गोष्ट वेगळी.

मोबाइलवर फोटो टाकला तर?

फोटोवरून शोधणारी ॲप्स 'मिलेफिओरी पेपरवेट' इथपर्यंत बरोबर नेतात. पुढे मात्र ती जगभरच्या विक्रेत्यांच्या जाहिरातींशी तुलना करतात आणि त्या जाहिरातींतलं चुकीचं नाव तुम्हाला पुन्हा दाखवतात. कांडीतल्या चांदणीला सहा टोकं आहेत की आठ, बाणाची टोकं कशी वळली आहेत, हे पाहायला भिंग आणि संयमच लागतो.

एवढं करून पैसे किती?

१९९० साली न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात क्लिशीची एक फुलांची टोपली २,५८,५०० डॉलरला गेली. हा आकडा वारंवार सांगितला जातो आणि त्यामुळे घरोघरीचे गोळे लाखमोलाचे वाटू लागतात. ती टोपली अपवादातला अपवाद होती. अभिजात काळातले साधे, लहान पेपरवेट आजही तुलनेने बऱ्याच कमी किमतीत लिलावात दिसतात. किंमत ठरते ती रचना किती दुर्मिळ, नक्षी मधोमध आणि सरळ आहे का, कांड्या तुटल्यात का आणि घुमटाला खोल टवके आहेत का यावरून. कारखान्याच्या नावाचं स्थान त्यानंतर. नक्षी नेमकी मधोमध बसलेला साधा बाकारा, हलगर्जीपणे तिरक्या बसलेल्या दुर्मिळ नक्षीपेक्षा जास्त भाव खाऊ शकतो.

विकत घेणार असाल तर विक्रेत्याकडे या गोष्टी मागा : वरून, बाजूने आणि तळाचा असे तीन फोटो, दोन-तीन कांड्यांचा अगदी जवळून काढलेला फोटो, आणि व्यास व वजन. बाजूच्या फोटोत गोळा डोळ्याच्या रेषेत असावा, वरून वाकून काढलेला नको. तळाचा फोटो दिव्याच्या तिरक्या उजेडात. जो विक्रेता हे सगळं न कुरकुरता पाठवतो त्याच्याशी पुढचं बोलणं करायला हरकत नाही. 'तारीख तर आतच लिहिलीय की, अजून काय हवं' असं म्हणणाऱ्याकडून घ्यायचाच असेल तर मुरानोच्या भावात घ्या.